आमच्या गल्लीत सगळ्यांत शेवटी

१२ सप्टेंबर

ताई,

नमस्कार तुझ्या पायांना आणि राग तुझ्या जिभेवर.

फोनवर आपण दोघी भांडतो आणि मुद्दा तसाच राहतो. म्हणून आई म्हणाली, "पत्रं लिहा. पत्र वाचताना समोरच्याचं बोलणं मध्येच तोडता येत नाही." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य काढलेल्या बाईचा फोनवरचा विश्वास उडाला, यावरून आपली भांडणं कुठवर गेलीत ते समज.

परवा तू म्हणालीस, "एवढी इंजिनिअर झालीस आणि शेवटी बटणंच दाबतेस ना?" हो, दाबते. आणि या सोमवारपासून ती बटणं कधी आणि कोणासाठी दाबायची हे ठरवणारीही मीच आहे. सबस्टेशनचा पूर्ण ताबा माझ्याकडे आला. तू बोललीस की सभागृह गप्प होतं. माझं काम गप्प झालं की अख्खं गाव बोलायला लागतं. कोणाचा वचक मोठा, सांग.

कुंपणाच्या आत काय असतं ते एकदा नीट वाच, कारण तू येऊन काही बघत नाहीस. डोंगराकडून मनोऱ्यांवरून येणारी वीज इतक्या जोराची असते की ती थेट घरात शिरली तर घर उरणार नाही. आमचे ट्रान्सफॉर्मर तिला ठिकाणावर आणतात आणि मग तिला वाटा फुटतात. दवाखान्याची, पाण्याच्या टाकीची, बंदराची, बाजाराची आणि वस्तीची. समुद्र हाकेच्या अंतरावर. वारा रोज मीठ आणून चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसवतो. ते ओलं झालं की वीज त्याच्यावरून रांगत सुटते आणि मग मोठा भडका. म्हणून आम्ही ती चिनी माती धुतो, पुसतो, पुन्हा धुतो. आमचे मुख्य लाईनमन, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, कुरकुरतात, "मॅडम, घरची कपबशी मी कधी विसळली नाही. बायकोने हे बघितलं तर माझं काही खरं नाही."

आणि इथे एक रिवाज आहे. कुठल्या नियमात तो लिहिलेला नाही. वादळानंतर वीज परत येते तेव्हा आधी दवाखाना, मग पाणी, मग बंदर, बाजार, बाकीच्या गल्ल्या. ज्या गल्लीत सबस्टेशनची माणसं राहतात, म्हणजे आपली गल्ली, ती सगळ्यांत शेवटी. कोणी म्हणायला नको की यांनी आधी आपलं पाहिलं. ताबा घेताना तात्यांनी मला दुसरं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, रिवाज पाळणार ना?"

मी हो म्हटलं. छाती फुगली होती तेव्हा, खोटं कशाला बोलू.

तुझी,
धाकटी

२४ सप्टेंबर

धाकटे,

अभिनंदन. मनापासून. तुझं पत्र मी इथल्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. बटणांबद्दलचं माझं वाक्य मागे घेते.

आता भांडू.

तुझा तो रिवाज सुंदर आहे. मी आयुष्यभर व्यासपीठावरून ओरडत आले की सत्ता ज्याच्या हातात त्याने रांगेत मागे उभं राहावं. तुम्ही ते करून दाखवता. मान्य. पण त्या रांगेत तू एकटी उभी नाहीस. तू आईला घेऊन उभी आहेस. तिला दम लागला की प्राणवायूचं यंत्र लागतं आणि ते यंत्र विजेवर चालतं. मागच्या वादळात काही गल्ल्या आठवडाभर अंधारात होत्या हे तूच सांगितलं होतंस. तत्त्व तुझं आणि धाप आईची, हा कुठला न्याय? स्वतःचं पोट मारून उपास करणाऱ्याला मी नमस्कार करीन. दुसऱ्याच्या ताटातलं काढून उपास करणाऱ्याला मी फटकारीन, मग ती माझी बहीण का असेना.

त्या रिवाजाला आईची संमती घेतली होतीस का? विचारलं होतंस तिला? की "ती नाही म्हणणारच नाही" असं धरून चाललीस? जगातले सगळे मोठे त्याग असेच घरातल्या बायकांच्या नावावर परस्पर लिहिले गेलेत, आणि मी त्याच्याविरुद्ध बोलत आले आहे. तुझ्याविरुद्धही बोलेन.

सोपा उपाय सांगते. आपली गल्ली दवाखान्याच्या मागोमाग घे. एका आजारी बाईसाठी. कोणाची जीभ वळवळली तर माझ्याकडे पाठव. नाहीतर वादळाचे दिवस यायच्या आत मी आईला इकडे घेऊन येते.

उत्तर दे. आणि आईला विचारून दे.

ताई

८ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मला झोंबलं, कारण तू बरोबर होतीस. मी आईला विचारलं नव्हतं. मग त्याच दिवशी जेवताना विचारलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं, "फटकारीन" सकट.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थोरली बोलते छान. लहानपणीही दूध नको असलं की अर्धा तास भाषण करायची." मग म्हणाली, "मी एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा वादळात लाईन मोजक्याच चालायच्या. तुम्ही दोघी घरी तापाने फणफणलेल्या आणि माझ्यासमोर पूर्ण बोर्ड. एक लाईन घरी जोडली असती तर कोणाला कळलं असतं? मी नाही जोडली. दवाखान्याचा कॉल जोडला. आणि आता म्हातारपणी माझ्यामुळे माझ्या पोरीने आधी घरची लाईन जोडायची? गप जेव."

म्हटलं, मग निदान दवाखान्यात तरी राहायला जा. तिथे वीज सगळ्यांत आधी येते. तर म्हणे, "बाळंतिणींची खाट अडवून बसू?" शेवटी तडजोड झाली. डॉक्टरीणबाईंनी प्राणवायूचे सिलेंडर घरी दिलेत. शेजारीण दिवसभर तिच्यासोबत असेल. सिलेंडर संपायला आले तर आई निमूट दवाखान्यात जाईल, असं तिने कबूल केलंय. तुझ्याकडे यायला मात्र साफ नकार.

हे घाईत लिहिते आहे. वादळ इकडेच वळलंय. बंदरावर होड्या वर ओढतायत. बर्फाच्या कारखान्याचा शेवटचा ट्रक मासळी घेऊन तुझ्या शहराकडे निघालाय. त्याच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देते.

एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर ऐकून भडकू नकोस. वारा ठराविक जोराला पोचला की गावाची वीज मी स्वतः बंद करणार आहे. वादळ यायच्या आधी, सगळे दिवे नीट चालू असताना. लोक शिव्या घालतील. पण खांबावरच्या तारेत वीज असते तोवर ती राबते, आणि तीच तार रस्त्यावर पाण्यात पडली की माणूस मारते. तार पडायची वाट बघणारी मी नाही. दवाखान्याकडे मोजक्या खोल्यांपुरता स्वतःचा जनरेटर आहे, त्याची तपासणी सकाळी झाली.

वारा वाढतोय. तात्या हाका मारतायत.

धाकटी

१५ ऑक्टोबर

धाकटे,

फोन बंद, रस्ता बंद, बातम्यांत तुमच्या गावाचं नाव नाही. या दिवसांत माझा जीव कसा टांगणीला लागला होता ते लिहीत नाही. आज बर्फाच्या कारखान्याचा ड्रायव्हर माझ्या दारात उभा राहिला. वादळाआधी निघाला होता तो वाटेतच अडकून पडला होता. तुझं पत्र त्याने छातीशी धरून ठेवलं होतं. आता रस्ता मोकळा होतोय म्हणून तो उद्या पहाटे परत निघणार. त्याला तुमच्याकडची खबर मिळाली आहे. पुढच्या गावातला कोणी मासळीवाला इकडे पोचला, त्याने सांगितली. माणसं वाचली, घरांवरचे पत्रे उडाले, दवाखान्यात वीज आली, आणि सबस्टेशनवालीची स्वतःची गल्ली काळोखात.

म्हणजे तू शब्दाला जागलीस. मला अभिमान वाटायला हवा. वाटतोही. पण धाकटे, सिलेंडर किती दिवस पुरतात? आई "निमूट जाईन" म्हणाली आणि तू विश्वास ठेवलास? आपल्या आईने आयुष्यात निमूट काय केलंय?

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. ड्रायव्हरच्या मालकाकडे, म्हणजे बर्फवाल्याकडे, मोठा जनरेटर आहे. त्याचा कारखाना आपल्या गल्लीच्या तोंडाशी. मी ड्रायव्हरकडून निरोप धाडते आहे: "आईच्या घरी वीज द्या, तुमचे उपकार विसरणार नाही." तुझा रिवाज शाबूत राहील. सबस्टेशनची वीज नाही ना ती! तुझं तत्त्वही राहिलं आणि आईचा श्वासही. कोण म्हणतं भाषण करणाऱ्यांना व्यवहार कळत नाही?

आईला पंख्याचा वारा लागला की मला कळव.

ताई

१९ ऑक्टोबर

ताई,

आई बरी आहे. तात्या बरे आहेत. हे पहिल्यांदा वाच आणि एक मोठा श्वास घे, कारण पुढचं वाचताना तुझा श्वास अडकेल.

वादळाने काय केलं ते थोडक्यात. पाणी आमच्या चौथऱ्याच्या काठापर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. आत एक थेंब नाही. ज्याने कोणी तो चौथरा एवढा उंच बांधायला लावला, त्याच्या नावाने आम्ही सगळे चहा प्यायलो. पण बाहेर उघड्यावर जे जे होतं त्यावर मिठाचा थर. डोंगराकडून आमच्यापर्यंत वीज आलेली होती, कुंपणाशी गर्दी ओरडत होती, "आहे तर द्या ना!" आणि मी माणसांना पाण्याचे पाईप आणि फडकी धरायला लावली. गर्दीतून एक जण म्हणाला, "गाव बुडालं आणि ह्या भांडी घासतायत!" घासली. मीठ न धुता वीज सोडली असती तर ट्रान्सफॉर्मर गेला असता, आणि मग गावाने महिनोन् महिने काळोख पाहिला असता. संध्याकाळी दवाखान्याची लाईन सोडली. खिडक्या एकामागून एक उजळल्या तेव्हा मघाचाच तो माणूस रडत होता. त्याची सून आत होती.

मग पाणी. मग बंदर. आणि परवा दुपारी आम्ही बाजाराच्या लाईनवर होतो. तीच लाईन पुढे आपल्या गल्लीत जाते. वळणावर तार तुटून पाण्यात पडली होती. गुडघाभर पाणी. आमच्या बाजूचं टोक आम्ही जमिनीला जोडून ठेवलं होतं, म्हणजे त्यात चुकून वीज आली तरी ती जमिनीत जाईल. पण तार मध्येच तुटलेली. पलीकडच्या, गल्लीच्या बाजूच्या तुकड्याला त्याचा काही उपयोग नाही. तो तुकडा जमिनीला जोडायला तात्यांना पाण्यातून पलीकडे जायचं होतं. बाजाराची अख्खी लाईन बंद होती, त्या बाजूला वीज यायचा प्रश्नच नव्हता.

आणि त्याच वेळी तुझा निरोप बर्फवाल्याला पोचला होता.

भला माणूस आहे तो. त्याने एका घराला वीज द्यायची तर अख्ख्या गल्लीला देऊ म्हटलं. जनरेटरची तार सरळ गल्लीच्या तारांना जोडली. गल्ली बाकी लाईनपासून तोडायला हवी, हे त्याला कोण सांगणार? त्याची वीज गल्लीत गेली, घराघरांत पंखे फिरले, आणि तीच वीज खांबावरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढली. उलटी चढताना ती मोठी होते, ताई. घरातली वीज तिथून बाहेर पडते ती मोठ्या लाईनच्या ताकदीची होऊन. आणि ती थेट त्या तुटक्या तुकड्यात आली, जो पाण्यात पडला होता, ज्याच्याकडे तात्या निघाले होते.

आता घरात काय झालं ते शेजारणीच्या तोंडून ऐक.

पंखा फिरला. शेजारीण टाळ्या पिटायला लागली, गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. आई खाटेवरून उठून बसली.

"बाजारात दिवे आलेत का गं?"

"नाही हो काकू, तिकडे काही दिसत नाही."

"मग आपल्याकडे कसे आले?"

"आले ना! देवाची कृपा समजा."

"आपल्या गल्लीत बाजाराच्या आधी दिवा येतच नाही. माझी पोरगी मरेल पण देणार नाही. कुणीतरी घोळ घातलाय. तू पळ. पोरगी बाजाराच्या वळणावर आहे. सांग, लाईन जिवंत आहे, कोणी हात लावू नका. पळ!"

शेजारीण धावत आली. तात्यांनी पँट दुमडली होती, एक पाय उचलला होता. ती लांबूनच किंचाळली, "पाण्यात उतरू नका! आमच्याकडे लाईट आलेत!" तात्यांनी पाय मागे घेतला. मी कोरड्या जागेवरून लांब काठीला बांधलेला तपासणीचा दिवा त्या तारेच्या वरच्या भागाला टेकवला. तो लखकन लागला. तात्यांनी दुमडलेली पँट खाली सोडली. मग म्हणाले, "मॅडम, बायकोला सांगू नका. ती मला कपबश्या विसळायलाच घरी बसवेल." आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो.

तिकडे आई सिलेंडर सोडून, काठी टेकत, बर्फाच्या कारखान्यावर पोचली होती. बर्फवाला हात जोडून, "काकू, तुमच्यासाठीच केलं हो!" आई धापा टाकत, "आधी बंद कर, मग कौतुक सांग." त्याने बंद केला. ती तिथेच बसली, तोंडाने श्वास घ्यायला लागली. बर्फवाल्याने बर्फाची हातगाडी रिकामी केली, तिला त्यावर बसवलं आणि स्वतः ढकलत दवाखान्यात नेलं. वाटेत आई त्याला म्हणत होती, "हळू. मासळी नाहीये मी."

आता ती दवाखान्यात आहे, मजेत. कोणाची खाट अडवली नाही हे तिने स्वतः मोजून पाहिलं.

ताई, मला तुझा भयंकर राग आला होता. बर्फवाल्याने तुझा निरोप सांगितला तेव्हा तू समोर असतीस तर काय केलं असतं कोणास ठाऊक. आता राग नाही असं लिहिणार नाही, पण कमी झालाय. तू आईचा श्वास मागितलास, त्याने तो दिला. मधली तार कुठून कुठे जाते हे तुम्ही दोघांनी विचारलं नाही, एवढंच. आणि माझं सांगू? मी तो रिवाज मानापुरता पाळत होते. तो माणूस वाचवील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत असतं की आमची गल्ली शेवटी. म्हणून ती आधी उजळली तेव्हा एका म्हातारीला कळलं की काहीतरी चुकलंय. आम्ही एकदा जरी मेहेरबानी म्हणून आधी दिवा लावला असता, तर परवा आई खाटेवरून उठलीच नसती.

गल्ली अजून काळोखात आहे. उद्या परवा होईल.

धाकटी

२६ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर वर्गात गेले नाही. मुलांना वाटलं मी आजारी आहे. होतेच.

माफी मागायला मला येते, पण ती तुझी नाही, तात्यांची मागायची आहे. त्यांना वेगळं पत्र लिहिलंय. त्यात कपबश्यांचा उल्लेख केलेला नाही, घाबरू नका.

मी समतेवर बोलते. न्यायावर बोलते. सभागृहातले लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन आपल्या मुलाचा अर्ज सगळ्यांत वर ठेवायला निघतात. आणि तिकडे समुद्राच्या तोंडाशी, मिठाने पांढऱ्या झालेल्या कुंपणात, चार माणसं आणि माझी बहीण ती समता रोज चालू आणि बंद करतात. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तुझ्या भाषेत सांगायचं तर, ट्रान्सफॉर्मरची घरघर. मी त्याला बटणं म्हणत होते! अख्खं गाव ज्या जागेच्या जिवावर जगतं तिला लोक कोपऱ्यातलं कुंपण समजतात, आणि ज्या माणसाचा पाण्यात पडता पडता पाय वाचला त्याचं नाव कोणी विचारत नाही. यापुढे मी ज्या ज्या व्यासपीठावर उभी राहीन तिथे आधी हे सांगेन. भीक म्हणून नाही. हिशेब मागावा तसं, ताठ मानेने.

आणि बोलणं हे माझं काम आहे, तर ते तुझ्याही उपयोगी पडू दे. किनाऱ्यावर बर्फवाल्यासारखे कितीतरी जण असतील. घरोघरी जनरेटर, मनात माया, आणि सांगणारं कोणी नाही. मी सांगेन. बंदरावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, जिथे चार माणसं जमतील तिथे. "जनरेटर लावायच्या आधी गल्लीची लाईन तोडा. आणि ती तुम्ही नाही, सबस्टेशनच्या माणसाला बोलावून तोडा." बरोबर आहे ना? चुकत असेल तर दुरुस्त कर, मी पाठ करते आहे.

पण एका बाबतीत मी मागे हटत नाही. रस्ता पूर्ण सुरू झाला की मी आईला न्यायला येते. तिने तिचं काम केलं, पुष्कळ झालं. आता तिने आरामात श्वास घ्यावा.

तुझी,
ताई

३ नोव्हेंबर

ताई,

तू पाठ केलेलं बरोबर आहे. फक्त "लाईन तोडा" म्हणू नकोस, लोक कुऱ्हाड घेऊन खांबावर चढतील. "आधी सबस्टेशनला कळवा" एवढंच म्हण. ये, तुला बंदरावर पेटीवर उभी करते. बर्फवाला तुझ्या शेजारी उभा राहायला तयार आहे. म्हणतो, "ताई बोलतील आणि मी 'हो, मीच तो गाढव' म्हणेन." तात्यांना तुझं पत्र मिळालं. त्यांनी ते बायकोला वाचायला दिलं आणि आता पस्तावलेत.

मागच्या पत्रात "उद्या परवा" लिहिलं होतं, ते जमलं नाही. बाजाराचा एक खांब मुळातूनच वाकला होता. काल संध्याकाळी आपल्या गल्लीची लाईन जोडली. सोडायच्या आधी तात्यांनी विचारलं, "मॅडम, कोणी राहिलं का?" मी कुंपणाबाहेर जाऊन चौफेर नजर टाकली. दवाखाना, टाकी, बंदर, बाजार, पलीकडच्या सगळ्या गल्ल्या. कोणी राहिलं नव्हतं. मग म्हटलं, "आता आमची."

आई कालच दवाखान्यातून घरी आली. खाली तिने स्वतः काही लिहिलंय. मी वाचलेलं नाही, ती वाचू देत नाही.

धाकटी

थोरले,

न्यायला येऊ नकोस. राहायला ये.

धाकटीने कालचं अर्धंच लिहिलं असणार. तिला घरातलं कुठे ठाऊक? ती कुंपणात होती. पंखे फिरले, गल्लीत वीज आली तशी सगळी माणसं दारात आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. एकाने दिवा लावला असेल तर शपथ. टाळी नाही, आवाज नाही. मला वाटलं पुन्हा काही घोटाळा झाला. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "काकू, बाजारात दिवे आलेत, पलीकडे पण आलेत, मी गच्चीवरून बघून आले. आता लावू का आम्ही?"

मी म्हटलं, "लावा." मग लागले.

एवढा माझा शब्द चालतो इथे. तुझ्याकडे येऊन मी काय करू?

आई